मजुराची हकीगत मजुरानेंच लिहावी
(ऊसतोडीस निघालेल्या मंडळींपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



दसरा झाला. चार दिवसांनीं मुकादमाचा ट्रक येईल आणि अर्धा गांव उसाच्या फडावर जाईल. आमच्या हजेरीपटावर मग गैरहजेरीच्या फुल्याच उरतील. म्हणून निघण्यापूर्वीं आमचें थोडें ऐकून घ्या.

मजुराविषयीं कागद पुष्कळ आहेत. पण ते लिहिले कोणीं? मालकाच्या कारकुनानें, सरकारच्या अंमलदारानें, पोलिसानें. मजूर बोलला नाहीं, तर दुसरे त्याच्याविषयीं बोलतात, आणि तेंच खरें ठरतें. हें ओळखूनच नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढें ठेवला. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली, ती अशा खटपटीनें. कोणाच्या दयेनें नव्हे.

आतां आपल्याच खानदेशची एक गोष्ट ऐका. यान ब्रेमन नांवाचे डच समाजशास्त्रज्ञ १९६२ च्या सुमारास दक्षिण गुजरातेंत आले. माणसांच्या वस्तींत जाऊन, त्यांच्याजवळ बसून त्यांचें जिणें समजून घ्यावें, ही त्यांच्या शास्त्राची रीत. पुढें बारडोलीच्या उसांत त्यांना एक कोडें दिसलें. तेथले हळपति भूमिहीन, कामावांचून बसलेले. आणि तोडणीला मात्र हजारों माणसें आपल्या खानदेशांतून आणलेलीं! असें कां? धनी मंडळी म्हणत, ‘हे हळपति आळशी, यांच्याच्यानें हें काम होणें नाहीं.’

ब्रेमन यांनीं मजुरांच्या पालांवर जाऊन पाहिलें, तेव्हां निराळेंच कारण निघालें. परगांवचा मजूर उचलीनें बांधलेला. रात्रीं हांक मारली तरी उठणारा. पाठीशीं ना घर, ना भाऊबंद. हंगाम संपला कीं निघून जाणारा. असा मजूर तंटा करीत नाहीं, म्हणून तो धन्याला पसंत! एकाला दारांतलें काम नाहीं, दुसऱ्याला दारीं राहतां येत नाहीं. दोघांनीं एकमेकांस वैरी समजावें, यांत लाभ कोणाचा, हें तुम्हींच सांगा.

गिरणींतही असाच मुकादम होता. कामावर लावणारा तोच आणि काढणाराही तोच. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हां कित्येकजण गांवीं परतले आणि गांवच्या भाकरीवर दिवस काढले. पुढें बहुतेक गिरण्या बंद झाल्या. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनीं त्या कामगारांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपल्या व २००४ सालीं पुस्तकरूपानें छापल्या. भोंगा बंद झाला, पण माणसाचा आवाज कागदावर राहिला.

आपल्या फडावरचा आवाज कोठें आहे? हिशेब मुकादमाच्या वहींत. हंगाम संपल्यावर तो म्हणतो, ‘उचल फिटली नाहीं, पुढल्या सालीं ये’, आणि आपण मान डोलावतों. नवराबायको मिळून एक कोयता. बाई पहांटे उठून भाकऱ्या भाजते, दिवसभर मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहते. पण उचलीच्या हिशेबांत नांव एकट्या पुरुषाचें! हें तिचें काम नव्हे काय?

आमचें मागणें दोन गोष्टींचें आहे. ज्या घरीं आजी-आजोबा आहेत, त्यांनीं लेंकरूं गांवांतच ठेवावें. त्याची शाळा आम्ही सांभाळूं. आणि ज्यांना लेंकरूं नेल्यावांचून गत्यंतर नाहीं, त्यांनीं त्याच्या हातीं एक वही द्यावी. रोज संध्याकाळीं त्यानें लिहावें: उचल किती, ऊस किती टन, खाडे किती, दुखणें कोणाला, आणि काम कोणीं केलें. आईबापांचीं दोघांचींही नांवें लिहावींत. अक्षर वांकडें आलें तरी चालेल; आंकडा सरळ असावा.

मुकादमाशीं भांडा, असें आम्ही म्हणत नाहीं. पण हिशेबाच्या दिवशीं तुमच्याही हातीं एक वही असूं द्या. परगांवचा विद्वान येऊन आपली हकीगत लिहितो, त्याचे उपकार आहेत. पण तो येईपर्यंत आपण मुके कां रहावें?

वह्या शाळेंत आणून ठेवल्या आहेत. ट्रकमध्यें बसण्यापूर्वीं घरटी एक घेऊन जा, आणि परत याल तेव्हां भरलेली दाखवा.