जेसीबी येण्याआधी पांढर वाचता येईल का?

आजचा विषय थोडा मातीतला आहे. अगदी शब्दशः.

आपल्या परभणी जिल्ह्यात कुठल्याही जुन्या गावात जा, म्हातारी माणसं दोन शब्द वापरतात. काळी आणि पांढर. काळी म्हणजे शेत, पांढर म्हणजे वस्तीची जागा. आता ही माती पांढरी का? कारण ती नुसती माती नाहीच. शेकडो वर्षांची चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, चुना, हाडं, हे सगळं एकावर एक साचून तो उंचवटा तयार झालेला असतो. म्हणजे गावाचा इतिहास थराथराने तिथेच पडलाय. सगळ्यात जुना थर सगळ्यात खाली.

आणि हीच माती आपण पिढ्यान् पिढ्या उचलत आलोय. माळवदावर टाकायला, शेतात पसरायला. पण टोपल्याने नेणं वेगळं आणि जेसीबीने नेणं वेगळं. जे टोपल्याने शंभर वर्षांत गेलं नाही, ते आता एका दुपारी जातं.

हे आज का बोलतोय? जालना–नांदेड द्रुतगती मार्ग आणि शक्तिपीठ महामार्ग, दोन्हींच्या आखणीत आपला जिल्हा येतो. रस्ते हवेत की नको, हा आजचा वाद नाही. प्रश्न एवढाच आहे, की खोदण्याआधी खाली काय आहे हे कोण बघतं?

इंग्लंडमध्ये यासाठी ठरलेली पद्धत आहे. बांधकामाची परवानगी मागितली आणि जागा जुन्या वस्तीजवळ असली, की आधी जुने नकाशे आणि नोंदी तपासतात. मग यंत्राने जमिनीखालचा अंदाज घेतात. मग ठिकठिकाणी अरुंद चर खणून बघतात. खर्च बांधकाम करणाऱ्याचा. १९९० पासून हे तिथल्या नियोजनाचा भाग आहे. एचएस२ रेल्वेमार्गाच्या कामाआधी वेंडोव्हर गावाजवळ असंच खोदकाम झालं आणि अँग्लो-सॅक्सन काळातल्या १३८ कबरी मिळाल्या. आधी अभ्यास झाला, मग काम पुढे गेलं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. राज्याचाही १९६० चा कायदा आहे. पण गोम इथेच आहे. हे सगळं यादीवर चालतं. यादीत नाव असेल तर संरक्षण, नसेल तर ती नुसती जमीन. आणि बहुतेक पांढरी कुठल्याच यादीत नाहीत.

चारठाण्याची यादवकाळातली मंदिरं, तो उंच कोरीव स्तंभ, हे डोळ्यांना दिसतं. पण ती मंदिरं बांधणारे, तिथे नांदणारे लोक कुठे राहत होते? त्यांची घरं, चुली, खापरं जमिनीखालीच असणार ना? २०२४ मध्ये शेजारच्या सिंदखेडराजात लखुजी जाधवांच्या समाधीजवळ संवर्धनाचं काम चालू होतं आणि शेषशायी विष्णूची भलीमोठी मूर्ती निघाली. तिथे पुरातत्त्वाचे लोक हजर होते, म्हणून ती नीट बाहेर आली. तिथे मुरूम नेणारा हायवा असता तर?

आणि एक खरी अडचण आहे. काम सुरू झाल्यावर काही सापडलं, तर ते लपवण्यातच सगळ्यांचा फायदा असतो. मशीनचं भाडं तासावर, ठेकेदाराला मुदत, शेतकऱ्याला जमीन अडकायची भीती. म्हणून तपासणी आधीच हवी. कागदावर रस्ता पन्नास मीटर सरकवायला फार पैसे लागत नाहीत. भराव टाकल्यावर तो सरकत नाही.

शेतकरी मित्रांसाठी एक गोष्ट. वस्तू सापडली म्हणून जमीन आपोआप सरकारजमा होत नाही. केंद्राच्या कायद्यात जागा संरक्षित करण्याआधी दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते, हरकत घेता येते. उलट, पुरलेलं धन लपवणं महागात पडतं. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

आता तुमच्या हातातल्या फोनचं काम. गावाची पांढर, गढी, बारव, शेतातल्या विरगळी यांचे फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून. खापर किंवा मणी दिसला तर बाजूला पट्टी किंवा पेन ठेवून फोटो घ्या आणि वस्तू तिथेच राहू द्या. कारण ती कुठल्या थरात होती यावरूनच तिचा काळ कळतो. घरी नेलेलं खापर मुकं होतं. स्वतः खोदू तर अजिबात नका.

मग गट नंबरासकट एक अर्ज लिहा. एक प्रत तहसीलदारांना, एक राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला. पोच घ्या. ग्रामसभेत ठराव झाला तर अजून चांगलं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, आज तिथे त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय उभं आहे. तेव्हा फोन नव्हता, नकाशा नव्हता. आपल्याकडे दोन्ही आहे.

तुमच्या गावची पांढर कुठे आहे, हे आज घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. भेटू पुढच्या भागात.