नऊशे किलोंचा फिश टँक आणि पायाखालची जमीन

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला. घरात मोठा फिश टँक ठेवायचाय, जमीन पेलेल का? आणि पेलणार नसेल तर मजबूत कशी करायची? मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, त्यामुळे माशांबद्दल कमी आणि वजनाबद्दल जास्त बोलणार, हे आधीच सांगतो.

आधी हिशोब. टँक धरू ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. म्हणजे २४ घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी बसतं. काठोकाठ भरला तर ६८० लिटर, दोन इंच रिकामा ठेवला तर सव्वासहाशेच्या आसपास. एक लिटर म्हणजे एक किलो. त्यात १२ मिलिमीटरची काच, ती १२० किलोच्या पुढे. खाली दोन इंच वाळू, ९० किलो. लोखंडी स्टँड ६०-७० किलो. गोळाबेरीज सुमारे ९०० किलो.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे राहत्या घराच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या मानकात वापराचं वजन धरलंय चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो. आपला टँक चौरस मीटरला ८०० किलो टाकतो. चौपट! पण लगेच घाबरू नका. तो २०० चा आकडा अख्ख्या खोलीवर एकाच वेळी धरलेला असतो. दहा बाय बाराच्या खोलीत तो २२०० किलोंच्या वर जातो. म्हणजे टँक खोलीच्या वाट्याचं चाळीस टक्के वजन एकटा खातो, तेही एक दशांश जागेत. म्हणून प्रश्न ‘किती’ इतकाच ‘कुठे’चाही आहे.

लोक म्हणतात, "अहो, वाढदिवसाला खोलीत पंधरा माणसं नाचली, काही झालं नाही." माणसं रात्री घरी जातात हो. टँक जात नाही. लाकूड असो की काँक्रीट, कायमच्या वजनाखाली ते वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं.

मागे पुण्यातल्या एका पेठेतलं जुनं घर बघायला गेलो होतो. पहिला मजला, सागवानी तुळया, वर फळ्या, त्यावर मातीचा थर आणि शहाबादी फरशी. मुलाला अरोवाना पाळायचा होता. हा मासा दोन फुटांच्या पुढे वाढतो, त्याला लहान टँक चालतच नाही. आणि ज्या जागी टँक ठेवायचा, त्याच्या बरोब्बर खाली त्याच्या काकूंचा पलंग. म्हणून हे गणित कागदावरचं राहत नाही.

अशा घरात पहिली गोष्ट, तुळया कुठल्या दिशेने जातात ते बघा. तुळया दीड-दीड फुटांवर असतील आणि टँक त्यांना आडवा ठेवला, तर वजन चार तुळयांत वाटलं जातं. समांतर ठेवला तर एक किंवा दोन तुळयांवरच सगळा भार.

दुसरी गोष्ट, भिंतीजवळ ठेवा. दहा फुटांच्या तुळईच्या मधोमध वजन ठेवलं तर जेवढा वाक येणारा जोर बसतो, त्याच्या साधारण ३६ टक्केच जोर भिंतीपासून एका फुटावर बसतो. पण इथे एक मेख आहे. भिंतीजवळ ठेवल्यावर वजनाचा नव्वद टक्के वाटा तुळईच्या त्या एका टोकावर जातो. आणि जुन्या घरात नेमकी भिंतीत गेलेली टोकंच ओल धरतात, वाळवी तिथेच लागते. त्या घरात मी टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. तीन तुळया खणखणीत होत्या. चौथीत तो दोन इंच आत गेला. वरून रंग अगदी छान होता.

मग काय केलं? कुजलेला भाग कापून तुळईच्या दोन्ही बाजूंना नवीन सागवानी फळ्या आरपार बोल्टने जोडल्या. भिंतीपासून फूटभर अंतरावर, तुळयांच्या खालून लोखंडी चॅनेल टाकलं आणि त्याला दोन खांब दिले. खांब खालच्या फरशीवर उभे नाही केले. फरशी फोडून प्रत्येकाला काँक्रीटचा स्वतंत्र पाया दिला. तत्त्व एकच: वजन जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे. मधेच कुठे सोडून दिलं, तर आपण फक्त अडचण एक मजला खाली सरकवली. खांब काकूंच्या खोलीत येणार, म्हणून आधी त्यांना विचारलं. त्यांनी पलंग पलीकडच्या भिंतीला हलवला आणि होकार दिला.

आता फ्लॅटवाले. आरसीसी स्लॅब असेल तर टँक बीमच्या वर किंवा बीमला लागून ठेवा. बाल्कनीत नको. ती एकाच बाजूने धरलेली असते आणि कठड्याकडचं वजन तिला सगळ्यात जड जातं. जमीन मजबूत करायची म्हणून वर तीन इंच काँक्रीट ओतायचा सल्ला मिळतो. कृपा करून ऐकू नका. त्याचंच वजन चौरस मीटरला १८० किलो, म्हणजे टँक यायच्या आधीच स्लॅबची ताकद संपत आली. खरा उपाय म्हणजे एका बीमपासून दुसऱ्या बीमपर्यंत लोखंडी गर्डर टाकून स्टँड त्यावर बसवायचा. प्लायवूडचा तुकडा स्टँड लेव्हल करायला चांगला, ताकद द्यायला नाही.

आणि खालच्यांच्या घरात जाऊन छत बघा. गंजाचे डाग, पापुद्रे, सळई दिसतेय? मग टँक नाही, आधी दुरुस्ती. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. तो अहवाल मागून वाचा. गर्डरचं माप मात्र तुमच्या इंजिनीअरने जागेवर येऊन काढलेलं हवं, माझ्या बोलण्यावरून नको.

सगळं झालं की टँक एका दमात भरू नका. पाव भरा, एक दिवस थांबा, लेव्हल बघा. मग अर्धा. स्टँड एका बाजूला झुकला, फरशीत नवी चीर आली, तर पाणी काढा. काढायला पाइप लागतो, धाडस लागत नाही.

आणि हे सगळं जमणार नसेल, तर तीन फुटांचा टँक घ्या. सगळं मिळून दोनशे किलोंच्या आसपास, म्हणजे भरलेल्या पुस्तकांच्या कपाटाएवढा. त्यात गप्पी आणि टेट्रा मजेत राहतात आणि खालचे लोक निवांत झोपतात.

प्रश्न असतील तर नक्की पाठवा. पाठवताना खोलीचं माप, इमारतीचं वय आणि खाली कोण राहतं, एवढं जरूर लिहा. भेटू पुढच्या भागात.