एक जूनचे वाढदिवस आणि एक जुनं पदक

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील नव्या संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास पोचलोय. नव्या संधी आता आपल्यापेक्षा आपल्या मुलांनाच जास्त माहीत आहेत. म्हणून मी विषय बदलून घेतला. गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी आमच्या घराण्याची जुनी कागदपत्रं शोधते आहे, त्याबद्दल बोलणार आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करते. तुमच्यापैकी किती जणांच्या वडिलांचा किंवा आजोबांचा वाढदिवस 1 जूनला असतो? बघा, किती हात वर आले! मागे बसलेले सर हसतायत, कारण त्यांना कारण माहीत आहे. पूर्वी जून महिन्यात शाळा सुरू व्हायची. पोराला घेऊन बाप यायचा. जन्मतारीख विचारली की, 'मोठ्या पुराच्या साली' किंवा 'प्लेग आला त्याच्या दुसऱ्या वर्षी' असं उत्तर मिळायचं. गुरुजी पोराकडे बघून वय ठरवायचे आणि रजिस्टरात 1 जून लिहायचे. नोकरीत पुढे उपयोग होईल म्हणून एखाद-दोन वर्षं कमीच लावायचे. आमच्या धंद्यात याला 'डीफॉल्ट व्हॅल्यू' म्हणतात. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा नाही, ठरलेली किंमत भरायची. गुरुजींनी ते चांगल्या मनाने केलं. पण आमच्या घरात त्या एका तारखेने पन्नास वर्षं एका बाईच्या नावाला डाग लावला.

माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातले. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. घरात एवढंच माहीत होतं. पणजीने एकुलत्या एका मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना, वाढवलं. पुढे जमिनीच्या वाटणीवरून भाऊबंदकी झाली तेव्हा कुणीतरी आजोबांचा शाळेचा दाखला काढला. त्यावर जन्मतारीख होती 1 जून 1917. पणजोबा तर 1914 च्या अखेरीस बोटीवर चढले होते. मग बोलणाऱ्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. कोर्टात काही गेलं नाही, वाटणी झाली. पण बोलणं मागे राहिलं. आजोबा त्या विषयावर शेवटपर्यंत गप्प होते.

माझ्या आत्याकडे देवघरातल्या डब्यात चांदीचं एक पदक होतं. एका बाजूला पाचवा जॉर्ज राजा. अशा पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. बहुतेक घरांत राजाचं तोंड पाहिलं जातं, कड कुणी वाचत नाही. आम्ही भिंग घेऊन वाचली. पलटण होती 110वी मराठा लाइट इन्फन्ट्री.

महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ठेवते. ही संस्था 1917 मध्ये स्थापन झाली. तिच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येतं. पण नुसतं आडनाव टाकून भागत नाही. इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. एकाच 'जाधव'चे जाधो, जाधाव, जादव असे अवतार होतात. सारख्या उच्चाराची नावं जुळवण्याची 'साउंडेक्स' नावाची पद्धत अमेरिकेत 1918 मध्ये पेटंट झाली आणि ती अजून वापरात आहे. पण ती इंग्रजी अक्षरांवर चालते. शेवटी 'व्ही' असेल तर ते मोजते आणि 'डब्ल्यू' असेल तर सोडून देते. म्हणजे आपला एकच जाधव तिच्या लेखी दोन माणसं होतो. म्हणून मी मराठी उच्चारांचे नियम घालून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून काही नावं निघाली, त्यांत पणजोबांच्याच नावाचे दोन शिपाई. त्यांतले आमचे कोणते, हे पदकाच्या कडेवरच्या नंबराने ठरलं. त्या नोंदीत त्यांच्या वडिलांचं नाव होतं, आमचं गाव होतं आणि तारीख होती 22 नोव्हेंबर 1915.

ही टेसिफोनच्या लढाईच्या पहिल्या दिवसाची तारीख. बगदाद घ्यायला निघालेली सहावी पुणे डिव्हिजन तिथे अडली आणि हजारो माणसं गमावून कुटला मागे फिरली. तिथे वेढ्यात सापडून 29 एप्रिल 1916 ला शरण गेली. पणजोबांना तो वेढा बघावा लागला नाही. त्यांची नोंद बसरा स्मारकावर आहे. ज्यांच्या कबरीचा किंवा दहनाचा पत्ता नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं हे स्मारक. पण तिथल्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या भारतीय शिपायांची पलटणवार फक्त संख्या. ही असमान वागणूक होती, असं कमिशनच्याच समितीने 2021 च्या अहवालात मान्य केलं.

आता जरा थांबून विचार करा. मृत्यू 1915 चा आणि मुलाचा जन्म 1917 चा. एवढ्या दोनच कागदांवर निकाल दिला असता, तर बोलणारे खरे ठरले असते, आणि तेही सरकारी पुराव्यानिशी.

तिसरा कागद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात होता. गाव नमुना 14, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ते. गावात कोण जन्मलं, कोण गेलं याची खबर कोतवाल देई आणि ती मोडीत उतरवली जाई. मला मोडी येत नव्हती. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्यात बसले आणि जुजबी शिकले. जाणकाराला सोबत घेऊन पानं वाचली. फेब्रुवारी 1915 च्या पानावर पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि पुढे 'मुलगा'. बारसं व्हायचं असावं, बाळाचं नाव नव्हतं. त्यांना दुसरं मूलच नव्हतं. म्हणजे आजोबांचं वय गुरुजींनी सव्वादोन वर्षांनी कमी लावलं होतं. बस, एवढंच घडलं होतं.

नक्कल घेऊन आत्याकडे गेले. ब्याऐंशी वर्षांची आत्या दोनदा ऐकून म्हणाली, "हे आईला सांगायला हवं होतं गं." तिची आई म्हणजे माझी आजी. सासूबद्दलचं ते बोलणं तिने जन्मभर ऐकलं होतं.

यातून मला एक गोष्ट कळली. यातला कुठलाच कागद आपल्यासाठी लिहिलेला नाही. सरकारला रोगांच्या साथींचा हिशेब हवा होता, म्हणून कोतवाल बुक. पलटणीला पगार, पेन्शन आणि पदकं वाटायची होती, म्हणून नंबर. शाळेला वयाचा रकाना भरायचा होता, म्हणून 1 जून. कागद कुणी, कशासाठी लिहिला हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष घेऊ नये. आणि एकाच कागदाच्या साक्षीवर कुणाला दोषी तर मुळीच धरू नये.

आणखी एक. या तिन्ही कागदांत पणजीचं नाव कुठेच नाही. जिच्याबद्दल एवढं बोललं गेलं, तिचं नाव आज फक्त आत्याच्या तोंडून कळतं. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं, हे चांगलं झालं. पण आपल्या आज्यांसाठी ते आपल्यालाच लिहून ठेवावं लागेल.

म्हणून तीन कामं सांगते. घरात जुनं पदक असेल तर कड वाचा आणि घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. कोतवाल बुकासाठी तहसीलमध्ये अर्ज करा. अलीकडे बऱ्याच जिल्ह्यांत या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आल्या आहेत. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आजच फोन लावून आजी-पणजीचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव विचारा. कागद आणखी दहा वर्षं थांबेल, माणूस थांबेलच असं नाही.

कुणाला नावं शोधायला मदत हवी असेल तर जेवणानंतर मला भेटा. प्रोग्रॅम लॅपटॉपवर आणलाय.