चूक नेमकी कुठे आहे?

ठाणे, डोंबिवली, कल्याण भागातली पुष्कळ मुलं-मुली आज प्रोग्रॅमिंग शिकताहेत. कोड लिहायला ती चटकन शिकतात. चुकलेला कोड तपासायचा कसा, हे मात्र मुद्दाम शिकवलं जात नाही. मला वाटतं, सुरुवात तिथूनच करायला हवी.

समजा, लोकलची सुटायची आणि पोचायची वेळ दिली की प्रवासाला किती मिनिटं लागली ते सांगणारा प्रोग्रॅम तुम्ही लिहिलात. दिवसभर उत्तरं बरोबर. पण ठाण्याहून रात्री ११.५० ला सुटून १२.१५ ला कल्याणला पोचणारी गाडी दिली, की उत्तर येतं उणे १४१५ मिनिटं!

इथे नवशिके घाईने दिसेल ती ओळ बदलू लागतात. मूळ चूक राहते तिथेच, वर दोन नव्या होतात. म्हणून आधी कोडला हातच लावू नका. चूक हमखास केव्हा येते, ते पाहा. अकराची गाडी देऊन बघा, साडेअकराची द्या. मध्यरात्र ओलांडणारीच गाडी चुकते, हे कळलं की निम्मं काम झालं. मग मधले आकडे प्रिंट करा. सुटायची वेळ १४३०, पोचायची १५. म्हणजे तासांची मिनिटं नीट झाली आहेत. फसली आहे ती वजाबाकी. ती उणे आली तर दिवसाची १४४० मिनिटं मिळवा. उत्तर येतं २५.

कोड लांबलचक असेल तर बरोबर मध्यावर आकडे तपासा. तिथवर ठीक असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात. असं अर्धं-अर्धं करत गेलं, की हजार ओळींतून दहाएक पायऱ्यांत चुकीपाशी पोचता येतं.

कधी प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण: धीम्या मार्गावरची ही स्थानकं आठ, पण त्यांच्यामधली अंतरं सात. अंतरं काढणारा लूप आठदा फिरवलात, तर कल्याणनंतरचं स्थानक यादीत सापडणारच नाही. अशा वेळी पडद्यावर येणारा एररचा मजकूर घाबरून पुसू नका, शांतपणे वाचा. बहुतेकदा ओळीचा क्रमांकही त्यातच असतो.

आणि एका वेळी एकच बदल करा, तो वहीत टिपा. हार्वर्डच्या मार्क २ संगणकाच्या रिलेत ९ सप्टेंबर १९४७ रोजी पतंग सापडला, तेव्हा तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून वेळही लिहून ठेवली होती. तुम्हीही ती ११.५० ची गाडी टेस्ट म्हणून जपून ठेवा, आणि सोबत बरोबर बाराला पोचणारी एक गाडीही घाला. कोड बदलला, की दोन्ही पुन्हा चालवून बघा.