इंग्रजीतले ‘फर्स्ट’ आणि ‘बेस्ट’

काही वर्षांमागे आमच्या महाविद्यालयाची सहल गणपतीपुळ्याला गेली होती. सहलीलासुद्धा मास्तरकी सुटत नाही म्हणतात, ते खोटे नव्हे. मी मुलांना किनाऱ्यावरच बसविले आणि समोर जे दिसते त्यावर इंग्रजीत दहा ओळी लिहावयास सांगितल्या. दुष्काळी भागातून आलेल्या एका मुलाने पहिलेच वाक्य लिहिले : ‘आय ॲम सीइंग द सी फर्स्ट टाइम.’ मी ते तांबड्या शाईने खोडले आणि वर शुद्ध वाक्य लिहून दिले : ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन द सी.’

मुलगा थोडा वेळ त्या वाक्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, समुद्र मी आत्ता पाहतोय. अजून पाहून झालेला नाही. मग ‘हॅव सीन’ कसं?”

प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, “नियम आहे तसा. पाठ कर.”

पुढे हा मुलगा मुंबईला मुलाखतीसाठी गेला. समोरच्या गृहस्थांनी सहज, त्याला मोकळे वाटावे म्हणून विचारले, ‘मुंबईला पहिल्यांदाच आलात का?’ अर्थात इंग्रजीत. आता नुसते ‘येस सर’ म्हटले असते तरी भागले असते. पण मोठे वाक्य बोलावे म्हणून त्याने तोंड उघडले आणि तो तिथेच थांबला. तो थांबला तो थांबलाच. परत आल्यावर मला म्हणाला, “वाक्य तोंडात आलं होतं सर, पण ते तुम्ही खोडलेलं होतं. आणि तुम्ही दिलेलं काही केल्या आठवेना.” नोकरी काही मिळाली नाही. ती त्या एका वाक्यापायी गेली असे समजण्याइतका मी भोळा नाही. परंतु त्या दिवसापासून ‘नियम आहे तसा’ हे उत्तर मी वर्गात दिलेले नाही.

तेव्हा हा नियम आहे तरी कसला, ते पाहू या. ‘मी समुद्र पहिल्यांदाच पाहतो आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा आपले लक्ष चाललेल्या क्रियेवर असते. पाहणे चालू आहे, म्हणून वर्तमानकाळ. सरळ हिशेब. इंग्रज माणसाचे लक्ष अशा वेळी क्रियेवर नसतेच मुळी. तो मनातल्या मनात जन्मापासूनची एक वही उघडतो. समुद्र पाहण्याच्या आजवर खेपा किती झाल्या? ही धरून एक. ‘हॅव सीन’ आले ते या ‘आजवर’मधून. पाहणे संपले की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. वहीत नोंद पडली, एवढे पुरे. आपली आई दटावते, “तिसऱ्यांदा सांगतेय हं!” तिकडची आई म्हणते, ‘धिस इज द थर्ड टाइम आय हॅव टोल्ड यू.’ राग तोच, पण तिथे वही उघडलेली आहे. आणि गोष्ट मागच्या काळातली असली, तर वहीही मागे सरकते : ‘इट वॉज द फर्स्ट टाइम आय हॅड सीन द सी.’

आता गंमत अशी की ‘बेस्ट’ म्हणतानाही हीच वही उघडते. आमच्याकडे एकदा एक इंग्रज प्राध्यापक जेवावयास आले होते. पुरणपोळी खाऊन ते म्हणाले, आजवर खाल्लेल्या पोळ्यांत ही ‘द बेस्ट आय हॅव एव्हर ईटन’. मी आईला अर्थ सांगितला. तिने शांतपणे विचारले, “का रे, यांनी याआधी किती ठिकाणी खाल्ल्यात?” अहो, कुठेच नव्हत्या खाल्ल्या! पहिली तीच सर्वोत्तम. आईची शंका मराठी व्याकरणाला धरून होती. आपण ‘सगळ्यांत चांगली’ म्हणालो की बाकीच्या चार दिसाव्या लागतात. आपली स्तुती बहुधा नकारातून जाते : ‘अशी पोळी जन्मात खाल्ली नाही.’ किंवा मग शब्दालाच शेपूट जोडून : गोडमिट्ट, पांढरीशुभ्र, थंडगार. इंग्रजीला मात्र ‘एस्ट’ आणि ‘एव्हर’ यांची जोडी हाताशी लागते.

पहिलेपणा आणि सर्वोत्तमपणा हे दोन्ही एकाच वहीत कसे काय आले? शब्दांच्या कुळात डोकावले तर नाते दिसते. ‘फर्स्ट’ हा शब्द मुळात तमभावाचाच आहे : ‘फोर’ म्हणजे पुढे, त्याला ‘एस्ट’ लागून सर्वांत पुढचा तो ‘फर्स्ट’. आणि आपला ‘प्रथम’? ‘प्र’ म्हणजे पुढे, आणि शेवटी ‘तम’च्या घराण्यातलाच प्रत्यय. दोन्हीकडे कल्पना एकच. एवढेच काय, ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ या शब्दांतला ‘इष्ठ’ हा इंग्रजी ‘एस्ट’चा सख्खा भाऊ. म्हणजे ‘ज्येष्ठतम’ असे कुणी म्हणाले, तर एकाच माणसाला दोन पगड्या घातल्यासारखे झाले. पण हसू नका. शेक्सपिअरने ‘ज्यूलियस सीझर’मध्ये अँटनीच्या तोंडी एकाच विशेषणाला ‘मोस्ट’ही लावले आहे आणि ‘एस्ट’ही. ‘उत्तम’मध्ये तर ‘तम’ आहे हे आपण विसरलोच, म्हणून ‘सर्वोत्तम’ करावे लागले. शाळेतल्या लसावि-मसाविमधले लघुत्तम आणि महत्तम तेवढे जुन्या अर्थाला धरून आहेत. आणि या तर-तमावरूनच आलेला ‘तारतम्य’ हा शब्द मराठीने शहाणपणासाठी राखून ठेवला!

इंग्रजीतल्या सगळ्याच तमभावामागे शर्यत असते असे मात्र समजू नये. माझ्या एका विद्यार्थ्याने ‘इट्स मोस्ट काइंड ऑफ यू’चे भाषांतर ‘तुम्ही सर्वांत दयाळू आहात’ असे केले होते. इथे ‘मोस्ट’ म्हणजे नुसते ‘फार’. ‘अ मोस्ट इंटरेस्टिंग टॉक’ म्हणजे बरेच रंजक भाषण. ‘द मोस्ट इंटरेस्टिंग टॉक’ म्हणजे बाकीच्या वक्त्यांचा पराभव. एवढ्याशा ‘अ’ आणि ‘द’ यांनी केवढा फरक पडतो, बघा. पत्राच्या आरंभीचे ‘डिअरेस्ट’ किंवा शेवटचे ‘बेस्ट विशेस’ हेही असेच. दुय्यम दर्जाच्या शुभेच्छा कुणी वेगळ्या काढून ठेवलेल्या नसतात.

पण कधी कधी शर्यत खरीच असते. 1951 साली आयर्लंडमधील वेक्सफर्ड परगण्यात शिकारीला गेलेल्या मंडळींत वाद निघाला : युरोपातला सर्वांत वेगवान शिकारी पक्षी, म्हणजे ज्याची शिकार करतात तो, कोणता? त्यांच्यात गिनेस या मद्य बनविणाऱ्या कंपनीचे प्रमुख सर ह्यू बीव्हर होते. उत्तर सांगणारे पुस्तक काही सापडेना. तेव्हा त्यांनी असे पुस्तकच काढावयाचे मनावर घेतले, आणि 1955 साली गिनेसचे विक्रमांचे पुस्तक निघाले. आतमध्ये काय, तर सर्वांत उंच, सर्वांत जड, सर्वांत पहिला. त्या भाषेतली ती वही अखेर छापून निघाली, म्हणा ना.

मग मराठीला पहिलेपणाचे कौतुक नाही की काय? आहे, आणि भरपूर आहे. पण आपण ते क्रियापदावर न टाकता त्या प्रसंगालाच नाव देतो. बाळाचा पहिला घास म्हणजे उष्टावण, पहिले केस म्हणजे जावळ, जावयाची पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण. पहिल्या खेपेची गरोदर बाई पहिलटकरीण. दुकानदाराची दिवसातली पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि ती झाल्याखेरीज उधारीचे नाव काढू नये. इंग्रजीतही बोटीच्या पहिल्या सफरीला आणि सभागृहातल्या पहिल्या भाषणाला ‘मेडन’ म्हणतात. नाही असे नाही. पण आपले हे ‘पहिले’ बहुतेक घरादाराचे असतात, सगळ्यांच्या वाट्याला येणारे. समुद्र पहिल्यांदा पाहणे हे ज्याचे त्याचे. त्याला मराठीत नाव नाही. त्या मुलाला इंग्रजीत ‘हॅव’ लागत होता तो इथे.

आता मी फळ्यावर वहीचे चित्र काढतो. एका बाजूला जन्म, दुसऱ्या बाजूला आज, आणि मध्ये खेपा. मुले एकदोनदा चुकतात, मग वही उघडावयास शिकतात. तो मुलगा पुढे दुसरीकडे नोकरीला लागला. मध्यंतरी भेटावयास आला होता. मी त्याला वहीचे सांगितले, तर म्हणाला, “हे तेव्हा किनाऱ्यावर का नाही सांगितलंत, सर?” मला तेव्हा ते कळलेले नव्हते, हे मी त्याला सांगून टाकले.

आत आई चहा करीत होती. त्याने तिथूनच आवाज दिला, “आजी, बेस्टपैकी होऊ द्या!” या एका ‘पैकी’ने मराठीने इंग्रजी ‘बेस्ट’ला पंगतीत, चारजणांत बसवून टाकले आहे. हे वाक्य मात्र मी खोडले नाही.