घरबसल्या डॉक्टरांची भेट : वेळ ठरविण्यापूर्वी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीने आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. परंतु गेल्या वर्षी आमच्याच घरी जे घडले ते आपल्या कानांवर घालणे कर्तव्य वाटले, म्हणून उभे राहिलो आहोत.

आमच्या वडीलबंधूंचे वय ७१. एके सकाळी त्यांच्या छातीत जळजळू लागले व डावा खांदा भरून आला. पित्त असेल, असे म्हणून त्यांनी मोबाईलवर एका डॉक्टरांची सायंकाळी सहाची वेळ घेतली, फी भरली आणि आरामखुर्चीत पडून राहिले. वहिनींनाही वाटले, डॉक्टरांची व्यवस्था झाली, आता काळजी कसली? दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, तेव्हा शेजारच्या मुलाने १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलाविली. तो हृदयविकाराचा झटका होता. दादा वाचले; परंतु मधल्या तासांत हृदयाचा जो भाग निकामी झाला तो झालाच. आज त्यांना एक जिना चढतानाही धाप लागते. दोष कोणास द्यावा? त्या डॉक्टरांनी तर त्यांना अद्याप पाहिलेही नव्हते. वेळ मिळाली म्हणजे उपचार सुरू झाला, हा आम्हा सर्वांचाच समज आम्हांस भोवला.

म्हणून वेळ घेण्याआधी पहिला प्रश्न हा, की हे दुखणे थांबू शकेल काय? छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हातपाय एकाएकी लुळा पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, न थांबणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही असल्यास मोबाईल उघडावा तो १०८ साठीच. उलट, जुन्या दुखण्याची फेरतपासणी, तपासणीचे अहवाल दाखविणे, पथ्याविषयी शंका, यांसाठी ही सोय खरोखरच उत्तम. आमच्या खेड्यांतील वृद्धांचा तालुक्याचा हेलपाटा त्यामुळे वाचतो.

दुसरी गोष्ट, समोरची व्यक्ती कोण? केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार असा सल्ला देणारा डॉक्टर नोंदणीकृतच असावा लागतो आणि त्याचा नोंदणी क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर असावा लागतो. नावामागे ‘डॉ.’ दिसले की आपण हात जोडतो! पदवी कोणती व नोंदणी कोणत्या परिषदेची, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. भरलेल्या फीची पावतीही मागावी.

आता एक घरगुती चूक. आपल्याकडे मोबाईलवरील खाते बहुधा मुलाचे असते व दुखणे आईचे. वेळ मुलाच्या नावे घेतली जाते आणि चिठ्ठीही त्याच्याच नावे, त्याच्याच वयाने निघते. औषधाची मात्रा वयावर आणि जुन्या आजारांवर अवलंबून असते. तेव्हा रुग्णाचे खरे नाव व वय लिहावे. लहान मुलांच्या भेटीच्या वेळी तर जाणते माणूस सोबत असलेच पाहिजे, असा नियम आहे.

औषधांच्या बाबतीतही मर्यादा आहेत. काही साधी औषधे डॉक्टर फोनवरूनही सांगू शकतात. पुष्कळशी पहिल्या भेटीत व्हिडिओवर रुग्णास पाहिल्यावाचून देता येत नाहीत. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याखाली येणारी औषधे तर सामान्यतः अशा भेटीत लिहून देता येत नाहीत. झोपेची गोळी नाकारली म्हणून कोणी रुसू नये. त्याच दुखण्यासाठी त्याच डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून सहा महिने उलटले असतील, तर नवी भेट पहिलीच समजली जाते. आणि डॉक्टर ‘प्रत्यक्ष या’ म्हणाले, तर फी बुडाली असे न मानता जावे. पोट हाताने दाबून पाहावे लागते, ते काचेतून होत नाही.

पैशांविषयी थोडे. रुग्णालयाचा क्रमांक इंटरनेटवर शोधताना भामट्यांचे क्रमांकही पुढे येतात. नावनोंदणीसाठी दहा रुपये भरा, अमुक ॲप उतरवून घ्या, ओटीपी सांगा, असे कोणी म्हणाल्यास फोन ठेवावा. क्रमांक रुग्णालयाच्या जुन्या केसपेपरावरून घ्यावा. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा विनामूल्य आहे.

भेटीच्या वेळी चालू औषधांची पाकिटे, मागील अहवाल, रक्तदाब व साखरेच्या नोंदी जवळ ठेवाव्यात. कोणते औषध सोसत नाही तेही आधी सांगावे. ऐकू कमी येणाऱ्यांजवळ घरचे कोणी बसावे.

भोजनोत्तर आपल्या युवक शाखेची मुले वाचनालयात बसणार आहेत. ज्या वडीलधाऱ्यांना वेळ कशी घ्यावयाची ते पाहावयाचे असेल, त्यांनी आपला मोबाईल आणि चष्मा घेऊन तेथे यावे. दादाही येणार आहेत. वाचनालय तळमजल्यावरच आहे.