बरा झालेला माणूस



मानसिक आजारातून उठलेल्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्याचा सल्ला घ्यायला मात्र कोणी जात नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उलट घडले. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. तेथे व्यसनातून सुटलेल्यांपैकी काहीजण पुढे समुपदेशक झाले. नव्या रुग्णाची थाप त्यांना लगेच कळते. कारण तीच थाप त्यांनीही कधी मारलेली असते! "तुम्हाला काय कळणार माझं?" हा प्रश्न त्यांच्यापुढे टिकत नाही.

इतर मानसिक आजारांतही असा सोबती हवा. औषध डॉक्टरांनीच ठरवायचे. पण वाशिमला तपासणीला जाताना एस.टी.त शेजारी बसणे, गोळ्या का नकोशा होतात ते ऐकून घेणे, महिनाभर घरात कोंडून घेतलेल्याला बाजारापर्यंत नेणे, हे त्याला जमते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकली तर मात्र गुपित ठेवायचे नाही. घरच्यांना, डॉक्टरांना कळवायचे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहेच.

रिसोड-मालेगावकडे खरी अडचण वेगळी. 'मी आजारी होतो' असे म्हटले की घरातल्या मुलीचे लग्न अडते. मग पुढे कोण येणार? आलाच, तर त्याला फुकट राबवू नका. प्रशिक्षण द्या, मानधन द्या, त्याचाच आजार उलटला तर रजा द्या.

मी स्वतः सहा वर्षे गोळ्या घेतो आहे. चारचौघांत आज प्रथमच सांगतो. सभेनंतर बाहेरच्या ओट्यावर थांबणार आहे. ज्याला बोलायचे असेल, त्याने यावे.